खारीची राहिलेली लस

संध्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि भूगोल शिकवणाऱ्यांना एक खोड असते. कुठल्याही गोष्टीबद्दल बोलायचं झालं की ते आधी तिथं पाऊस किती पडतो ते बघतात. त्यामुळे जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी "मॅडम, लेप्टोची पण देऊन टाकायची ना?" असं विचारलं, तेव्हा तिला हसूच आलं.

"लेप्टो? डॉक्टर, आपण जालन्यात आहोत. तो मुंबईचा, कोकणाचा रोग. तिथं माणसं गुडघाभर पाण्यातून चालतात. आपल्याकडे नळाला पाणी आलं तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात."

डॉक्टर तरुण होते आणि सकाळपासून उभे होते. टेबलावर खारी चारी पाय ताणून, मान खाली घालून उभी होती. बिस्किटाच्या रंगाची गावठी कुत्री, एक कान उभा, एक पडलेला. पिल्लू असताना स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीपाशी संध्याच्या वडिलांनी तिला खारी खाऊ घातली, ती त्यांच्या मागे घरापर्यंत आली, आणि तेच नाव पडलं.

"घराजवळ उंदीर आहेत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या मागं बियाण्यांची गोदामं आहेत. उंदीर नसतील तरच नवल."

"मग द्यावी, असं माझं मत. उंदरांच्या लघवीतूनच पसरतो तो. मागच्या वर्षी हिचं तोंड सुजलं होतं ते माझ्या लक्षात आहे. आधी ॲलर्जीचं इंजेक्शन देतो, मग लस, आणि अर्धा तास इथंच बसवून ठेवू. काही झालं तर मी आहेच."

मागच्या वर्षीची ती संध्याकाळ संध्या विसरली नव्हती. लस देऊन घरी आणलं आणि थोड्या वेळात खारीचं तोंड फुगलं, डोळे मिटले, ती भिंतीला नाक घासत फिरायला लागली. संध्यानं तिला मांडीवर घेऊन रिक्षा पकडली होती आणि रस्ताभर ती रिक्षावाल्याला उगाचच रागावली होती. इंजेक्शननं सूज उतरली, पण तेव्हापासून त्या सुईला खारीपेक्षा संध्याच जास्त घाबरायची. हे खरं होतं. आणि पर्समध्ये सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा होता, दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसायचं तिच्या जिवावर आलं होतं, हेही खरं होतं. यातलं जास्त खरं काय, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

"रेबीजची द्या, बाकीच्या द्या. लेप्टो राहू द्या," ती म्हणाली.

"तुमची मर्जी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दुसरी बाटली काढली.

घरी फाटकातच बाबा उभे होते. शिवाजीबाबा अंबडच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि ते नवीन जालन्यात लेकीकडे राहायला आले. जावई संघपाल परतूरच्या बँकेत, तो सकाळच्या गाडीनं जायचा. लेक शाळेत. दिवसभर घरात बाबा आणि खारी. त्यामुळे कुत्री म्हणायला घराची असली, तरी होती ती बाबांचीच.

"टोचलं का गं?"

"टोचलं."

"उंदराची सुई बी दिली ना? सकाळी दोन डाव सांगितलं म्या तुला."

इथं संध्याला खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे वाद, वाद म्हणजे बाबांचं तोंड उतरणार, मग "चल, म्या नेतो" म्हणून ते पायजमा बदलायला जाणार. तिला पेपर तपासायचे होते.

"हो बाबा. सगळं झालं."

बाबांनी खारीच्या मानेवरून हात फिरवला. "शाबास. रडली न्हाई ना?"

बाबांना हाताला काम लागायचं आणि या घरात त्यांनी ते शोधून काढलं होतं. पाणी. नळ कधी येणार, किती वेळ राहणार, हे कॉलनीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसायचं. नळ यायच्या आधी ते अंगणातल्या हौदात उतरायचे, तळाशी उरलेलं जुनं पाणी बादलीनं उपसायचे, हौद घासायचे, आणि मग नवं पाणी घ्यायचे. उपसलेलं जुनं पाणी गटारात ओतायचं, हा विचार या शहरात कुणाच्या मनात येत नाही. संध्याच्याही आला नसता. फाटकाशी एक दगडी कुंडी होती. जुनं पाणी त्या कुंडीत. जाता-येता गाई पितात, शेळ्या पितात, चिमण्या अंघोळी करतात. दुपारच्या वेळी खारी घरातलं भांडं सोडून तिथंच जाऊन प्यायची. आपल्या दारातून कुणी तहानलेलं जात नाही, याचं बाबांना फार समाधान होतं, आणि खरं तर संध्यालाही. गोदामातले उंदीर रात्री भिंतीवरून उतरून त्याच कुंडीशी येतात, हे दोघांनाही माहीत होतं. पण तहान उंदरालाही लागते, असं बाबा म्हणायचे आणि संध्याला ते आवडायचं.

त्या आठवड्यात बाबांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. शेजारच्या शरयूताईंकडे ब्रूनो नावाचा कुत्रा होता, चांगला गुबगुबीत. त्यांना तर बाबा रोज सांगायचे. "आमच्या खारीला टोचून आणलं बघा संध्यानं. उंदराची सुई बी दिली. तुमच्या ब्रूनोला घेऊन जा."

"यांना सुट्टी मिळाली की नेऊ, काका," शरयूताई म्हणायच्या.

हे बोलणं सुरू झालं की संध्याला ओट्यावरचं काहीतरी काम आठवायचं आणि ती आत जायची. खारी ठणठणीत होती, खात होती, मांजरांच्या मागे पळत होती. मग खोट्याचं ओझं कशाला बाळगायचं, असं ती स्वतःला समजवायची. पुढच्या महिन्यात जाऊन गुपचूप देऊन आणू, असंही तिनं ठरवलं होतं. महिना उलटून गेला.

थंडी वाढली. बाबांच्या टाचांना दर थंडीत भेगा पडायच्या, तशा पडल्या. संध्या मेण-तेल गरम करून द्यायची आणि ते लावायचं विसरायचे. नळ आला, बाबा अनवाणी हौदात उतरले, जुनं पाणी उपसलं, कुंडीतलं शेवाळ हातानं खरवडलं, कुंडी भरली. त्यानंतर थोड्या दिवसांनी त्यांना ताप आला.

साधा ताप म्हणून एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ते भिंत धरून उठले. "पोटऱ्या अशा दुखून राह्यल्या, जसं काही कुणी काठीनं हाणलं," म्हणाले. डोळे लाल. संध्यानं त्यांना दवाखान्यात नेलं, तिथं भरती करून घेतलं. डॉक्टर वयस्क आणि बोलके होते. त्यांनी नाडी बघितली, पोट दाबलं, आणि एकेक विचारत गेले.

"शेतात, चिखलात काम?"

"न्हाई साहेब. शेत वाट्यानं दिलंय."

"साचलेल्या पाण्यात?"

बाबा तापातही हसले. "पाणी कुठंय साहेब आपल्याकडं, साचायला?"

डॉक्टरही हसले. "घरात जनावरं?"

"एक कुत्री हाय. पर तिला सगळं टोचलंय. उंदराची सुई बी दिली. माझी लेक मास्तरीण हाय, ती बराबर ध्यान ठेवती."

डॉक्टरांनी संध्याकडे पाहून मान हलवली. म्हणजे ते बरं केलंत, अशी. संध्या बाबांच्या उशाशी उभी होती, तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. तिला वाटलं, खारी तर चांगली आहे. खारीला काहीच झालेलं नाही, मग त्या लशीचा इथं काय संबंध? आणि बाबा एवढ्या तापात, त्यांच्या देखत कशाला? ती गप्प राहिली. डॉक्टरांनी व्हायरल असेल म्हणून औषधं लिहिली, डेंग्यूची तपासणी सांगितली, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

घरी आली तेव्हा खारी पायरीवर पडून होती. भाकरीला तोंड लावलेलं नव्हतं. बाबा नाहीत म्हणून रुसली असेल, असं संध्याला वाटलं, कारण तिला तसं वाटून घ्यायचं होतं. सकाळी खारी दोनदा ओकली आणि उठायला गेली तर मागचे पाय आखडले. संध्यानं तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं.

त्याच टेबलावर खारी यावेळी आडवी होती. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, रक्त घेतलं, सलाईन लावलं. मग हात धुता धुता ते म्हणाले, "लेप्टो वाटतोय. रिपोर्ट येईपर्यंत मी थांबणार नाही, औषध आत्ताच सुरू करतो." मी सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर संध्याला भांडता आलं असतं.

"घरात कुणाला ताप आहे का?" त्यांनी विचारलं.

संध्यानं पर्स उचलली. मग ती म्हणाली, "खारीला इथं ठेवता का? मला जायचंय," आणि धावतच बाहेर पडली.

बाबांच्या डॉक्टरांना तिनं वॉर्डाबाहेर गाठलं. "आमच्या कुत्रीला लेप्टो झालाय, असं जनावरांचे डॉक्टर म्हणतात. आणि तिला ती लस दिलेली नाही. बाबा म्हणाले ते चूक आहे. त्यांना माहीत नाही."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. कालचं मान हलवणं तिला आठवलं, त्यांनाही आठवलं असावं. "अनवाणी कुठं पाण्यात जातात का ते?"

"हौद धुतात. कुंडी पण. टाचांना भेगा आहेत."

"पाय बघायला हवे होते मी," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले आणि नर्सला हाक मारून औषध बदलायला सांगितलं. संध्यानं त्यांना थांबवलं. "डॉक्टर, बाबांना हे... लशीचं सांगू नका."

"मला काय करायचंय," डॉक्टर म्हणाले. "काल कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच."

कॉरिडॉरच्या बाकावर बसून संध्याला तिचा भूगोल आठवला. पाऊस किती पडतो, हा प्रश्नच चुकीचा होता. जिथं पाऊस कमी तिथंच पाणी साठवून ठेवतात, तळापर्यंत जपतात, शिळं झालं तरी टाकत नाहीत. एवढं तिला कळायला हवं होतं. वर्गात तिनं मुलांना पाणीटंचाई शिकवली होती, पैकीच्या पैकी गुणांची उत्तरं लिहून घेतली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, कारण आत बाबांची लघवी कमी झाली होती आणि नर्स ती मोजून ठेवत होती.

बाबा वाचले. औषध लागू पडलं, ताप उतरला, डोळे निवळले. खारी वाचली नाही. तिची मूत्रपिंडं आधीच गेली होती. संध्या दोन्ही दवाखान्यांच्या मध्ये फिरत होती, आणि नेमकी ती बाबांना पेज भरवत होती तेव्हा खारी गेली. संघपालनं तिला चादरीत गुंडाळून अंबड रोडला एका मित्राच्या शेतात नेलं. खड्डा बुजवताना संध्यानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं फावडं थांबवलं नाही. फक्त विचारलं, "बाबांना कधी सांगणार?"

"घरी येऊ दे. जरा बरे होऊ दे."

बाबा घरी आले. फाटकाशी कुणी उडी मारली नाही. त्यांना वाटेतच सांगितलं होतं, तरी ते थोडा वेळ तिथं थांबले. मग ओसरीवर खुर्चीत बसले, खिळ्याला लटकलेली खारीची साखळी काढून घेतली आणि तिची एकेक कडी पुसत राहिले.

"टोचून बी गेली," ते म्हणाले. "तू मनाला लावून घेऊ नको, पोरी. तू तुझ्याकडून बराबर सगळं केलं. मला म्हाईत हाय, तुझा बी जीव व्हता तिच्यात."

संध्याला वाटलं, त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं. सांगायचं म्हणून ती समोर बसली. पण एकेक कडी पुसतानाही त्यांना धाप लागत होती, ते बघून ती पुन्हा उठली. आज नको, उद्या, असं म्हणत तिनं दोन दिवस काढले. जेवायला वाढायची, औषध द्यायची, आणि बाबा प्रत्येक गोळीनंतर म्हणायचे, "लई केलं तू माझं."

तिसऱ्या दिवशी शरयूताई बाबांना बघायला आल्या. संध्या चहा टाकायला आत गेली होती. बाहेरचं बोलणं तिला ऐकू येत होतं. आधी ताप, मग दवाखान्यातलं जेवण, मग खारी.

"आम्ही उद्याच ब्रूनोला घेऊन जाणार होतो, काका. तुम्ही एवढं म्हणत होतात म्हणून. यांनी सुट्टी काढलीये."

"कशाला जाता," बाबा म्हणाले. "म्याच तुम्हाला सांगून राह्यल्तो, आता म्याच सांगतो. बिलकुल फायदा न्हाई त्या सुईचा. आमच्या खारीला बराबर टोचलं व्हतं. काय झालं? गेली ना? उगा त्या मुक्या जीवाला तरास. त्याचं तोंडबिंड सुजंल."

"हो का," शरयूताई म्हणाल्या. "मग राहू दे बाई. उगाच कशाला."

संध्यानं गॅस बंद केला. चहा अजून उकळला नव्हता. ती तशीच हात पुसत बाहेर आली.

"शरयूताई, ब्रूनोला घेऊन जा. बाबा, खारीला ती लस दिलीच नव्हती." दोघंही तिच्याकडे बघायला लागले. थांबलो तर पुढचं येणार नाही, हे तिला कळत होतं. "डॉक्टर द्या म्हणत होते. मी नको म्हणाले. मागच्या वेळी सुजली होती म्हणून भीती वाटली, आणि तिथं अर्धा तास बसावं लागलं असतं, मला घरी यायची घाई होती. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. लशीचा दोष नाही. तिला दिली असती तर ती बहुतेक आज इथं असती."

शरयूताईंनी पदर सारखा केला. अशा वेळी दुसऱ्याच्या घरात बसणं किती अवघड असतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाबांच्या हातातली साखळी तशीच होती.

"शरयूताई," बाबा अखेर म्हणाले, "उद्या घेऊन जा कुत्र्याला. म्या चुकीचं सांगितलं. संध्या येईल तुमच्या संगं. तितं अर्धा तास बसावं लागतं म्हणे, तवर ती बसंल."

"येईन," संध्या म्हणाली.

शरयूताई चहा न घेता गेल्या. बाबा उठले, हळूहळू फाटकापर्यंत गेले. कुंडी अर्धी भरलेली होती. त्यांनी वाकून तिच्या तळातल्या भोकाचा बोळा ओढून काढला. पाणी मातीत पसरत गटाराकडे निघालं. ते शेवटपर्यंत उभे राहून बघत होते. संध्या मदतीला पुढं झाली, पण त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"पाणी तर म्याच भरून राह्यल्तो," ते म्हणाले.

"बाबा, तसं नाही. चूक माझी आहे."

त्यांनी बोळा कुंडीच्या काठावर ठेवला. परत येऊन खुर्चीत बसले. संध्याला रडू येत होतं, पण थोडं हलकंही वाटत होतं. सांगून झालं होतं. रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, मग बोलतील. आपले बाबा आहेत. तिनं उंबऱ्यावर बसून डोळे पुसले.

बाबा साखळीकडे बघत होते. कुठलं तरी मशीन उघडून बसावं आणि कुठला नट ढिला होता ते शोधावं, तसं त्यांचं कपाळ आक्रसलं होतं. मग त्यांनी मान वर केली.

"संध्या, पहिल्या दिशी त्या डॉक्टरनं मला इचारलं, घरात जनावर हाय का. तवा म्या सांगितलं, तिला टोचलंय."

"हो."

"तवा तू माझ्या बाजूलाच व्हतीस ना? तुझा हात व्हता माझ्या खांद्यावर."

आवाज रागाचा नव्हता. त्यांना फक्त नीट माहीत करून घ्यायचं होतं.

"होते," संध्या म्हणाली.

बाबांनी मान हलवली. साखळी गोळा करून खिळ्याला परत अडकवली. त्यांचे ओठ सुकले होते, ते संध्याला दिसलं. ती लगबगीनं उठली.

"पाणी आणू का, बाबा?"

"राहू दे," ते म्हणाले, आणि खुर्चीचा हात धरून उठले. "माझं म्या घेतो."